खडा आणि पाऊल : वैद्यकीय संशोधनातील पैसा आणि मोजमाप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली. परमुलखात आपली भाषा, आपले सण आणि आपला स्नेह यांचा संसार अर्धशतकभर नेटाने चालविणे ही सोपी गोष्ट नव्हे. अशा मंगल प्रसंगी एखाद्या वक्त्याने साहित्यावर किंवा संतवाङ्मयावर बोलावे, हीच रीत. मी मात्र मूतखडा आणि चालणे या दोन विषयांवर बोलणार आहे हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. माझे सारे आयुष्य वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यात गेले. तेव्हा जे माझ्याजवळ आहे, तेच मी आपल्यापुढे ठेवू शकतो.

वैद्यकीय संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हृदयरोपण किंवा कर्करोगावरील नवे औषध उभे राहते. परंतु माणसाचे रोजचे जीवन ज्यांमुळे सुखाचे किंवा दुःखाचे होते, त्या गोष्टी पुष्कळदा साध्या असतात. कमरेतून जांघेकडे जाणारी मूतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली आहे, त्याला तिचे वर्णन करून सांगावे लागत नाही. आणि घरातील वडीलधारे माणूस अंगणापर्यंत चालत जाते की नाही, यावर त्या घराचा सारा दिवस ठरतो. या साध्या गोष्टींच्या संशोधनासाठी पैसा कोणी द्यावा, आणि त्या संशोधनातून निघालेल्या उत्तरावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा, हे दोन प्रश्न मी आज घेतले आहेत. ते वेगळे दिसतात, पण एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत.

मूतखडा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. सुश्रुतसंहितेत त्याला ‘अश्मरी’ म्हटले आहे आणि मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीत तपशिलाने दिली आहे. मला त्यातील कौशल्यापेक्षाही एका गोष्टीचे अधिक मोल वाटते. या शस्त्रकर्माचे यश संशयित असते, हे सुश्रुत उघडपणे मान्य करतो आणि म्हणून अधिपतीची अनुज्ञा घेऊनच ते करावे असे सांगतो. आपल्याला जे निश्चित ठाऊक नाही ते निश्चित नाही असे म्हणणे, ही संशोधनाची पहिली पायरी होय.

ही पायरी वगळली म्हणजे काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. जोआना स्टीव्हन्स नावाच्या एका बाईंनी खडा विरघळविणारे औषध आपल्याजवळ असल्याचा दावा केला आणि ते उघड करण्यासाठी पाच हजार पौंड मागितले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. आधी लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली. ती अपुरी पडली. मग १७३९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हे पारितोषिक मंजूर केले. त्याच वर्षी औषधाची कृती राजपत्रात प्रसिद्ध झाली. त्यात काय होते? अंड्यांची टरफले आणि गोगलगाई जाळून केलेले चूर्ण, साबण, मध आणि काही वनस्पती! नेमलेल्या विश्वस्तांनी औषध घेतलेल्या चार रुग्णांची तपासणी केली, खडा सापडत नाही असे ठरविले आणि १७४० मध्ये पैसे दिले गेले.

केवळ चार रुग्ण. औषध न घेतलेल्या रुग्णांशी तुलना नाही. खडा आपोआप पडून गेला, की चाचपणाऱ्या सळईला लागला नाही, की खरोखर विरघळला, हे ओळखण्याचे साधन नाही. या औषधाचा हिरिरीने पुरस्कार करणारे डेव्हिड हार्टली हे स्वतः खड्याचे रुग्ण होते. त्यांनी निष्ठेने ते औषध घेतले, आणि तरीही १७५७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्या व्याधीने त्यांची पाठ सोडली नाही. येथे फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. पैसा देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, रुग्णांच्या वेदना खऱ्या होत्या. उणीव होती ती मोजमापाची. राष्ट्राच्या तिजोरीतून पैसा बाहेर पडला, पण उत्तर मिळाले नाही.

तथापि ज्ञानाची वाट वाकडीतिकडी असते. या औषधाने चुन्याच्या निवळीविषयी आणि क्षारांविषयी वैद्यांमध्ये मोठा वाद सुरू झाला. एडिंबरोचा जोसेफ ब्लॅक नावाचा तरुण, खड्यावर सौम्य उपाय मिळावा म्हणून, मॅग्नेशियाच्या एका क्षाराचा अभ्यास करू लागला. त्याने तराजू हाती घेतला. तापविण्यापूर्वी वजन किती, तापविल्यानंतर किती, याचा तो काटेकोर हिशेब ठेवी. त्याला खड्यावरचे औषध सापडले नाही. पण क्षारात बद्ध असलेला एक वायू सापडला. १७५४ च्या प्रबंधात आणि १७५६ च्या निबंधात त्याने हे काम मांडले. तोच वायू आज आपण कार्बन डाय-ऑक्साइड म्हणून ओळखतो. पाच हजार पौंडांनी जे साधले नाही, ते तराजूच्या दोन पारड्यांनी साधले.

पुढे पॅरिसमध्ये सिव्हियाल या शल्यविशारदाने पोट वा कूस न कापता, मूत्रमार्गातून उपकरण आत घालून खडा फोडण्याची पद्धत १८२४ मध्ये वापरून दाखविली. त्याने आणखी एक धाडस केले. जुन्या शस्त्रक्रियेत किती रुग्ण दगावतात आणि नव्या पद्धतीत किती, याचे आकडे त्याने गोळा केले. १८३५ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आले. जुन्या पद्धतीत शेकडा वीसच्या आसपास मृत्यू, तर नव्या पद्धतीत शेकडा दोनच्या आसपास! टीकाकार म्हणाले, नव्या पद्धतीसाठी तुम्ही धडधाकट रुग्ण निवडले असतील, मग तुलना न्याय्य कशी? आक्षेप अगदी रास्त होता. आजच्या काळात रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करतात, कोणाला कोणता उपचार मिळावा हे वैद्याच्या मर्जीवर सोडत नाहीत, त्यामागे हाच आक्षेप आहे.

आपल्या देशातही या व्याधीवर मोलाचे काम झाले. निलगिरीच्या कुन्नूर येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांत मूत्राशयाचे खडे होतात हे दाखविले आणि भारतातील खड्यांच्या कारणांविषयी १९३१ मध्ये लेखन केले. गरिबांच्या मुलांना होणारा मूत्राशयाचा खडा हा पुष्कळ अंशी कदान्नाचा रोग आहे, ही जाणीव अशा कामांतून दृढ झाली. तीच प्रयोगशाळा पुढे १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. हे संशोधन सार्वजनिक पैशावर उभे राहिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. भाकरीबरोबर दूध आणि भाजी मिळाली तर मुलाला खडा होणार नाही, या निष्कर्षातून कोणाही व्यापाऱ्याला नफा मिळण्याजोगा नव्हता.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. ७ फेब्रुवारी १९८० रोजी पश्चिम जर्मनीतील म्युनिक येथे ख्रिस्तियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून एका रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा फोडला. या लहरींचा अभ्यास मुळात डॉर्निए या विमाने बनविणाऱ्या कंपनीत, वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळून होणाऱ्या हानीच्या निमित्ताने झाला होता. तो वैद्यकाकडे वळविण्यासाठी त्या देशाच्या संशोधन मंत्रालयाने पैसा पुरविला. आज लहान-मोठ्या शहरांतून ज्या उपचाराने रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततो, त्यामागे असा दीर्घकाळ धीर धरणारा सरकारी पैसा आहे.

पण यंत्राला विकणारा आणि विकत घेणारा मिळतो. ज्या उत्तराला गिऱ्हाईकच नाही, त्याचे काय? पाण्याचेच पाहा. भरपूर पाणी प्यावे हे आजी-आजोबा सांगत आले. ते खरे किती? इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेले १९९ रुग्ण घेतले. निम्म्यांना दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, निम्म्यांना तसे सांगितले नाही. पाच वर्षांनी पाहिले, तर पाणी पिणाऱ्यांपैकी शेकडा १२ जणांना पुन्हा खडा झाला, इतरांपैकी शेकडा २७ जणांना. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पाण्याची जाहिरात करणारी औषध कंपनी नसते, म्हणून एवढ्या जुन्या उपदेशाची परीक्षा व्हायला इतका काळ लागला.

याच मंडळींनी २००२ मध्ये आणखी एक समजूत तपासली. खडा बहुधा कॅल्शियमचा असतो, म्हणून दूध-दही बंद करावे, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे आणि वारंवार खडे होणारे १२० पुरुष त्यांनी घेतले. ६० जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. ६० जणांना नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार बेताचा. पाच वर्षांत पहिल्या गटातील २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातील १२ जणांना. कारण असे की जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून ठेवते आणि त्याला लघवीपर्यंत पोहोचू देत नाही. तेव्हा वैद्याला न विचारता दुधाचा पेला दूर सारू नये. लोणच्या-पापडांच्या मिठाकडे मात्र अवश्य पाहावे.

आपल्यापैकी अनेकजण कोकणातून वा देशावरून उत्तरेच्या कोरड्या, तप्त प्रदेशात नोकरीनिमित्त आले. त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आखाती प्रदेशात पाठविलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खड्याचा त्रास झाला, त्यांच्यात तो तेथे गेल्यापासून सरासरी तीन महिन्यांच्या आसपास सुरू झाला होता. घामावाटे पाणी जाते, लघवी दाट होते, आणि मुलूख बदलला तरी पाणी पिण्याची सवय जुन्या गावाचीच राहते.

नकारार्थी उत्तरेही किती मोलाची असतात ते पाहा. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा लवकर पडावा म्हणून टॅम्सुलोसिन आणि निफेडिपिन ही औषधे सर्रास दिली जात. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने २४ रुग्णालयांत ११६७ रुग्णांवर परीक्षा झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला. चार आठवड्यांत आणखी उपचाराची गरज न पडलेले रुग्ण तिन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे शेकडा ८० ते ८१ होते. आणि त्यांतला एक गट औषध नसलेली, पण दिसायला तशीच गोळी घेणारा होता. मोठ्या खड्यांविषयीचा वाद यानंतरही चालू राहिला आहे. परंतु वाद आता आकड्यांच्या आधारे होतो. तसेच हायड्रोक्लोरोथायाझाइड हे स्वस्त औषध खडा पुन्हा होऊ नये म्हणून अनेक वर्षे दिले जात होते. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान निधीच्या साहाय्याने ४१६ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठोस फरक दिसत नाही. आपले औषध निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी कोणती कंपनी पैसा खर्च करील? असा पैसा समाजालाच द्यावा लागतो.

येथवर पैशाची गोष्ट झाली. आता मोजमापाकडे वळू. खड्याच्या बाबतीत एक सोय असते. खडा पडला की नाही, पुन्हा दिसला की नाही, हे छायाचित्रात कळते. परंतु हृदय दुबळे झालेला, फुफ्फुसे थकलेली किंवा स्नायू क्षीण होत चाललेला रुग्ण बरा होत आहे की नाही, हे कशावरून ठरवावे? तेथे हातात धरता येईल असा खडा नसतो. म्हणून वैद्यकाने एक अगदी साधे माप शोधले : माणूस किती चालतो.

१९७० च्या दशकात जुनाट खोकल्याच्या व दम्याच्या रुग्णांना बारा मिनिटे चालवून अंतर मोजू लागले. बारा मिनिटे आजाऱ्याला फार होतात, सहा मिनिटेही पुरतात, हे १९८२ मध्ये दाखविण्यात आले. पट्टी, घड्याळ आणि लांब पडवी एवढ्यावर होणारी ही परीक्षा. यात चूक कशी होणार, असे वाटेल. पण १९८४ मध्ये कॅनडातील गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी एक मार्मिक प्रयोग केला. काही परीक्षांत रुग्णाला ‘शाबास, छान चालता आहात’ अशा अर्थाचे उत्तेजन दिले, काहींत दिले नाही. केवळ शब्दांनी सुमारे ३० मीटर अंतर वाढले! आणि रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणून आज जे अंतर मानतात, तेही ३० मीटरच्या आसपासच आहे. म्हणजे एका परिचारिकेची गोड वाणी आणि एक गुणकारी औषध यांचे माप एकच निघाले. औषध देण्यापूर्वी मौन आणि नंतर शाबासकी, असे नकळत जरी घडले, तरी निरुपयोगी औषध गुणकारी ठरेल.

म्हणूनच २००२ मध्ये या परीक्षेचे नियम घालून देण्यात आले. वाट ३० मीटरची असावी, दर मिनिटाला ठरलेलीच वाक्ये ठरलेल्या सुरात उच्चारावीत, सोबत चालून रुग्णाचा वेग वाढवू नये. पुढे असेही ठरले की परीक्षा दोनदा घ्यावी, कारण सरावाने दुसऱ्या वेळी अंतर वाढते. हे नियम वाचताना कर्मकांड वाटते. पण देवघरातील सोवळ्यामागचे कारण काहीही असो, प्रयोगशाळेतील सोवळ्यामागे हे ३० मीटर उभे आहेत.

विश्वसनीय माप म्हणजे काय, हे ब्लँड आणि ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये फार सोप्या रीतीने मांडले. त्यांचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. वाण्याच्या दुकानात दोन काटे आहेत. एक खरा, दुसरा प्रत्येक वेळी शंभर ग्रॅम जास्त दाखविणारा. माल वाढला की दोन्ही काटे बरोबरच वर जातात. दोघांची चाल अगदी जुळते. पण दोघांचे म्हणणे कधीच जुळत नाही. दोन साधने एकाच दिशेने हलतात एवढ्यावरून ती एकमेकांच्या जागी वापरता येतील असे मानणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मनगटावरचे यंत्र आणि खिशातला फोन यांनी मोजलेल्या पावलांची तुलना करताना हा दृष्टान्त आठवावा.

पावलांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. रोज दहा हजार पावले चालावे, हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम प्रयोगशाळेत नाही. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे माप’ असा होता. पुढे अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांची पावले यंत्राने मोजली गेली. सरासरी वय ७२. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर ते आणखी घटत नव्हते. ज्या आजीला दहा हजारांचा आकडा ऐकूनच धडकी भरते, तिला हे सांगण्यासारखे आहे.

चालण्याचा वेगही बोलका असतो. ३४,४८५ वृद्धांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या चालीचा वेग जितका अधिक, तितके आयुष्यमान अधिक, असे त्यात दिसले. आणि सेकंदाला सुमारे ०.८ मीटर हा वेग त्या वयाच्या सरासरी आयुष्यमानाशी जुळणारा निघाला. ही समूहाची गोष्ट आहे, कोणा एकाची कुंडली नव्हे. वैद्यकीय नियामकही या मापाकडे गंभीरपणे पाहू लागले आहेत. ड्यूशेन नावाच्या स्नायुक्षयात लहान मुलांचे चालणे हळूहळू हरपते. अशा मुलांच्या घोट्याला यंत्र बांधून रोजच्या जीवनातील त्यांच्या सर्वांत वेगवान पावलांचा वेग मोजता येतो. युरोपच्या औषध-नियामक संस्थेने हे माप औषधांच्या परीक्षेसाठी २०१९ मध्ये दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ मध्ये मुख्य निकष म्हणून ग्राह्य धरले. रुग्णालयाच्या पडवीत दमलेल्या, रडवेल्या मुलाला पळवण्यापेक्षा अंगणातल्या खेळातले त्याचे पाऊल अधिक खरे बोलते.

आता या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील दूर गावी आहेत. आठवड्यातून एकदा फोन होतो. “आई, चालता येतं ना गं?” “हो रे, चालते की. तू काळजी करू नकोस.” या उत्तरात माया आहे, माप नाही. सुटीत घरी जाल तेव्हा जमिनीवर चार मीटरची खूण करा. सुरुवातीला आणि शेवटी थोडी मोकळी जागा ठेवा. नेहमीच्या चपला, नेहमीची काठी, नेहमीची चाल. “लवकर, लवकर” म्हणू नका आणि कौतुकही नंतर करा. दोनदा मोजा, वहीत लिहा, आणि पुढच्या खेपेला अगदी तसेच मोजा. चार मीटरला पाच सेकंद लागले तर वेग ०.८ भरला. एकट्या आकड्याला फार अर्थ नाही. तो वर्षभरात घसरला तर मात्र वैद्याला दाखवावा. तसेच चोवीस तासांची लघवी जमा करून द्यायला सांगितली, तर एकही वेळ न वगळता द्या. एक वेळ चुकली तर सारा हिशेब चुकतो, आणि त्या चुकलेल्या हिशेबावर वर्षानुवर्षे औषध चालते.

दुसरी विनंती मंडळाला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निधी जमतो आहे, आरोग्य शिबिरे होतात. शिबिरात किती लोक आले, हे आपण अहवालात छापतो. त्यांतल्या किती जणांना वर्षानंतर खरोखर बरे वाटले, हे विचारण्यासाठी थोडा पैसा आणि एक वही राखून ठेवता येईल. आणि एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने सार्वजनिक पैशाच्या परीक्षेत सामील होण्यास विचारले, तर नीट माहिती घ्यावी, आपले हक्क समजून घ्यावेत आणि मन मानत असेल तर होकार द्यावा. ज्या १९९ इटालियन रुग्णांनी पाच वर्षे पाण्याचा हिशेब दिला, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण आज घोटभर पाणी जास्त पिताना त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

पैसा संशोधनाला हवाच. परंतु १७३९ च्या पार्लमेंटप्रमाणे केवळ करुणेपोटी तिजोरी उघडली, तर गोगलगाईंची राख हाती येते. करुणेला काट्याची जोड हवी. ती जोड देणे शास्त्रज्ञाइतकेच वर्गणीदाराच्या आणि रुग्णाच्याही हाती आहे, एवढे आपल्या मनात ठसले तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.